सेलेरॉन ३००ए, बीएक्स मदरबोर्ड आणि पीसी-१०० मेमरी : १९९८ मधील एका निवडीचा अभ्यास

इंटेलने २४ ऑगस्ट १९९८ रोजी बाजाराच्या दोन टोकांसाठीचे प्रोसेसर एकाच दिवशी विक्रीला काढले. वरच्या टोकाला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू होता आणि हजार नगांच्या खरेदीला त्याची किंमत प्रत्येकी ६६९ डॉलर होती. खालच्या टोकाला सेलेरॉन ३००ए होता आणि त्याची किंमत १४९ डॉलर होती. फरक ५२० डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने सुमारे २२ हजार रुपयांचा. थोड्याच दिवसांत संगणक स्वतः जुळवणाऱ्या हौशी मंडळींच्या लक्षात आले की हा स्वस्त प्रोसेसर योग्य मदरबोर्डावर बसवला, तर तोही बऱ्याचदा ४५० मेगाहर्ट्झला चालतो.

ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने चालवण्याचा, विषय निघाला की हे प्रकरण हमखास सांगितले जाते, आणि सांगताना सारे श्रेय प्रोसेसरच्या पदरात टाकले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. प्रोसेसर सगळ्यांना सारखाच मिळत होता. काहींची यंत्रे महिनोन्‌महिने विनातक्रार चालली आणि काहींच्या हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब झाल्या, यामागे बहुतांशी मदरबोर्ड आणि मेमरी यांची निवड होती. म्हणून या लेखात १९९८ च्या अखेरीस खरेदीला निघालेल्या माणसासमोर नेमके कोणते पर्याय होते, त्यांतला प्रत्येक पर्याय कुठे अडत होता आणि कोणती निवड का टिकली, एवढेच तपासले आहे.

परिस्थिती

अशा खरेदीदाराकडे साधारणपणे वर्ष-दीड वर्षाचा जुना संगणक असे. त्यात ६६ मेगाहर्ट्झच्या बससाठी, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांना जोडणाऱ्या मार्गासाठी, बनवलेला मदरबोर्ड आणि त्याच गतीची एसडीरॅम, म्हणजे मेमरी, असे. गेम, थ्री-डी चित्रे किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणे अशा कामांना वरच्या श्रेणीची गती हवी, पण वरच्या श्रेणीचे पैसे द्यायचे नाहीत, ही त्याची इच्छा. सेलेरॉनची निवड जवळजवळ ठरलेली होती. खरा प्रश्न असा होता की जुना बोर्ड आणि जुनी मेमरी ठेवून भागवायचे, की वाचलेल्या पैशातून दोन्ही नवीन घ्यायचे.

या प्रश्नाचे उत्तर प्रोसेसरच्या एका मर्यादेवर अवलंबून होते. सेलेरॉन ३००ए चा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या गतीला ज्याने गुणले की प्रोसेसरची गती मिळते तो आकडा, ४.५ वर कायमचा बंद केलेला होता. कमी गतीच्या प्रोसेसरवरची खूण पुसून त्यावर जास्त गतीची खूण छापायची आणि तो महाग विकायचा, हा धंदा त्या काळात जोरात होता. त्याला आळा घालण्यासाठी इंटेलने मल्टिप्लायर बंद करायला सुरुवात केली होती. त्यामुळे गती वाढवण्याचा एकच रस्ता उरला, तो म्हणजे बसची गती वाढवणे. ६६.६ गुणिले ४.५ म्हणजे ३००, आणि १०० गुणिले ४.५ म्हणजे ४५०. पण बस ही एकट्या प्रोसेसरची नसते. चिपसेट (प्रोसेसर, मेमरी आणि कार्डे यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा), मेमरी, पीसीआय (साध्या कार्डांचे) आणि एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा) स्लॉट आणि पीसीआयच्या आधाराने चालणारा हार्ड डिस्कचा कंट्रोलर, या सगळ्यांची गती त्याच मुळातून निघते. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतो आहोत असे म्हणताना प्रत्यक्षात अख्खा बोर्ड ओव्हरक्लॉक होत असतो, आणि या प्रकरणातली प्रत्येक अडचण इथूनच सुरू होते.

प्रोसेसर एवढा का ताणला गेला, तेही थोडक्यात सांगायला हवे. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश (नेहमी लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) नव्हतीच, त्यामुळे त्याची बरीच टिंगल झाली होती. ३००ए मध्ये, म्हणजे मेंडोसिनो या सांकेतिक नावाच्या चिपमध्ये, १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर होती आणि ती पूर्ण गतीने चालत असे. पेंटियम टू ची ५१२ किलोबाइट कॅश कार्ट्रिजमधल्या वेगळ्या चिपांमध्ये होती आणि ती निम्म्या गतीने चालत असे. तिथे प्रोसेसर तयार असला तरी कॅशच्या चिपा मागे पडण्याची शक्यता राहत असे. मेंडोसिनोमध्ये तो अडथळाच नव्हता. शिवाय ०.२५ मायक्रॉनची ज्या पिढीची निर्मिती-प्रक्रिया ४५० मेगाहर्ट्झचे पेंटियम टू देत होती, तिनेच हे सेलेरॉनही बनत होते. स्वस्त माल महाग मालाच्या वाटेला जाऊ नये म्हणून त्याला ६६ च्या बसवर ठेवले होते, एवढेच.

इथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच दिवशी आलेला सेलेरॉन ३३३ कागदावर जास्त वेगवान आणि महागही होता, पण त्याचा मल्टिप्लायर ५ होता. १०० च्या बसवर त्याला ५०० मेगाहर्ट्झला चालावे लागे आणि ते फार थोड्यांना जमे. मग त्याला ८३ वर ठेवावे लागे आणि ४१५ च्या आसपास समाधान मानावे लागे. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी गती आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, जास्त धोका. निवड प्रोसेसरच्या नावावरून न करता बसच्या आकड्यावरून मागे मोजत करायची, हे या एका उदाहरणातून कळते.

बोर्ड : ८३ पेक्षा १०० सुरक्षित कसे

जुना बोर्ड ठेवू पाहणाऱ्याला वाटे की ६६ वरून एकदम १०० वर उडी मारण्यापेक्षा ७५ किंवा ८३ वर थांबणे शहाणपणाचे. वरकरणी हा विचार चोख वाटतो आणि नेमका तोच चुकीचा होता.

पीसीआयची ठरलेली गती ३३ मेगाहर्ट्झ आणि एजीपीची ६६ मेगाहर्ट्झ. या गती बसला भागून मिळतात. ६६ च्या बसवर पीसीआयसाठी दोनने भागायचे आणि एजीपीसाठी बसचीच गती घ्यायची, अशी रचना असते. बस ७५ केली आणि भाजक तोच राहिला, तर पीसीआय ३७.५ वर आणि एजीपी ७५ वर जाते. बस ८३ केली की पीसीआय जवळजवळ ४१.६ वर आणि एजीपी ८३ वर पोचते. म्हणजे प्रत्येक कार्ड आणि हार्ड डिस्कचा कंट्रोलर ठरलेल्या गतीपेक्षा २५ टक्के जास्त वेगाने हाकला जातो. काही कार्डे हे सोसत, काही सोसत नसत. वाईट गोष्ट अशी की डिस्कचा कंट्रोलर नेहमी सरळसरळ बंद पडत नसे. तो अधूनमधून चुकीचा मजकूर लिहीत असे आणि ते आठवडाभराने एखादी फाइल उघडताना कळे.

एप्रिल १९९८ मध्ये १०० मेगाहर्ट्झच्या बसच्या पेंटियम टू सोबत आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवर मात्र १०० च्या बससाठी वेगळे भाजक होते. पीसीआयसाठी तीनने भागायचे, म्हणजे ३३.३, एजीपीसाठी दोन-तृतीयांश घ्यायचे, म्हणजे ६६.६. दोन्ही बरोबर ठरलेल्या गतीला. म्हणजे बस १०० केली की प्रोसेसर दीडपट वेगाने चालतो, पण बोर्डावरची बाकीची कार्डे आणि डिस्क यांना काही झाल्याचे कळतही नाही. चिपसेटसुद्धा आपल्या अधिकृत गतीवरच असतो. ओव्हरक्लॉक होतो तो फक्त प्रोसेसर. या प्रकरणाचे यश माझ्या दृष्टीने या भाजकांमध्ये आहे. आकडा मोठा म्हणून धोका मोठा, असा सरळ हिशेब इथे लागू पडत नाही.

तेव्हा ४४०एलएक्सचे जुने बोर्ड आणि सेलेरॉनसाठी म्हणून विकले जाणारे ४४०ईएक्सचे स्वस्त बोर्ड बादच होतात. ते ६६ च्या बससाठी रचलेले होते आणि त्यांतल्या काहींवर मिळणारे ७५ किंवा ८३ चे जंपर (बोर्डावरच्या, गती ठरवायच्या छोट्या खुंट्या) म्हणजे वर सांगितलेला सापळाच. बीएक्सवरही १०० च्या पुढे गेले की तोच हिशेब पुन्हा सुरू होतो. ११२ च्या बसवर प्रोसेसर ५०४ मेगाहर्ट्झ दाखवतो, पण पीसीआय ३७.३ वर आणि एजीपी ७४.७ वर जाते. फुशारकी मारायला हा आकडा बरा. रोजच्या कामाच्या यंत्रात मी तो ठेवला नसता.

बीएक्सचे बोर्डही सगळे सारखे नव्हते. पेंटियम टू आणि सेलेरॉन यांच्या २४२ संपर्कांच्या स्लॉट १ मध्ये बी-२१ या क्रमांकाचा एक संपर्क असतो आणि प्रोसेसर त्याद्वारे बोर्डाला सांगतो की मी ६६ चा की १०० चा. काही बोर्ड या खुणेवरच विसंबून राहत आणि वापरणाऱ्याच्या हाती काहीच ठेवत नसत. अशा बोर्डावर सेलेरॉन १०० ला चालवायचा तर कार्डावरच्या त्या एका सोनेरी पट्टीवर बारीक चिकटपट्टी लावणे किंवा नखांना लावायच्या पॉलिशचा थर देणे, हा उपाय लोक करत असत. पट्टी मिलिमीटरभर रुंदीची. शेजारच्या पट्टीवर चिकटपट्टी सरकली की यंत्र सुरूच होत नसे, आणि कार्ड दोन-चारदा काढून घातले की पॉलिश खरवडले जाऊन प्रोसेसर मुकाट्याने ३०० वर परत येत असे. उपाय चालत असे हे खरे, पण त्यावर विसंबून नवा बोर्ड घेणे मला पटत नाही.

दुसरा वर्ग होता जंपरवाल्या चांगल्या बोर्डांचा. आसुसचा पी२बी हा त्यांतला नावाजलेला बोर्ड. त्यावर बसची गती जंपरने ठरवता येत असे आणि बोर्ड भक्कमही होता, पण प्रोसेसरला दिला जाणारा व्होल्टेज बोर्डावरून बदलता येत नसे. ३००ए चा ठरलेला व्होल्टेज २.० होता. ज्यांचा प्रोसेसर त्याच व्होल्टेजवर ४५० ला स्थिर राहिला, त्यांना या बोर्डात काही उणे वाटले नसते. पण काही प्रोसेसर ४५० ला विंडोजपर्यंत पोचत आणि मग अडखळत; त्यांना २.१ किंवा २.२ व्होल्ट दिले की ते स्थिर होत. असा प्रोसेसर पदरी पडला आणि बोर्डावर व्होल्टेजची सोय नसली, तर पुन्हा चिकटपट्टीच हाती घ्यावी लागे, आणि तीही या वेळी एकापेक्षा जास्त पट्ट्यांवर.

अबिट कंपनीचा बीएच६ हा बोर्ड या प्रकरणाशी कायमचा जोडला गेला तो यामुळे. त्यावर सॉफ्टमेन्यू नावाची सोय होती. बसची गती, एजीपीचा भाजक आणि प्रोसेसरचा व्होल्टेज या तिन्ही गोष्टी बायॉसच्या (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रॅमच्या) एकाच पानावर, कीबोर्डवरून बदलता येत. पेटी उघडून, चिमट्याने जंपर हलवण्याची गरज नव्हती. मेमरीचे तीन, पीसीआयचे पाच, आयएसएचे दोन आणि एजीपीचा एक, असे स्लॉट होते. चुकीच्या आकड्यांमुळे यंत्र सुरूच झाले नाही, तर इन्सर्ट ही कळ दाबून धरून वीज चालू केली की बोर्ड मूळ आकड्यांवर परत येई. त्यानेही भागले नाही, तर सीमॉस (बायॉसचे आकडे साठवणारी चिप) पुसण्याचा जंपर होताच. प्रयोग करणाऱ्याला परतीची वाट किती सोपी आहे, याला बोर्ड निवडताना फार महत्त्व द्यावे असे माझे मत आहे, कारण परतीची वाट अवघड असली की माणूस अर्धवट तपासलेल्या आकड्यांवरच समाधान मानतो.

व्होल्टेजच्या सोयीला मात्र किंमत असते. प्रोसेसर जी वीज खातो ती गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३०० वरून ४५० म्हणजे दीडपट, २.० वरून २.२ म्हणजे १.२१ पट. दोन्ही मिळून १.८ पटीपेक्षा किंचित जास्त. मुळात या प्रोसेसरची उष्णता २० वॅटच्या आत होती, त्यामुळे चांगला हीटसिंक आणि पंखा हे ओझे उचलू शकत असत, पण बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या भागालाही तेवढाच जादा करंट द्यावा लागतो, हे विसरून चालत नाही. आधी २.० वर चालवून बघायचे, आणि गरज पडली तरच एकेका पायरीने वर जायचे, हा क्रम त्यामुळेच योग्य. सुरुवातीलाच २.२ देऊन मोकळे होणाऱ्यांना आपला प्रोसेसर कमी व्होल्टेजवरही चालला असता, हे कधी कळतच नसे.

मेमरी

बीएक्सवर मेमरीची गती बसपासून वेगळी काढता येत नाही. बस १०० तर मेमरीही १००; मधला मार्ग नाही. म्हणून जुनी ६६ ची मेमरी ठेवून नवा बोर्ड घ्यायचा, हा अर्धा बेत सर्वांत फसवा ठरे. बोर्ड बरोबर, प्रोसेसर बरोबर आणि यंत्र मात्र अस्थिर. मग दोष प्रोसेसरच्या माथी मारला जाई.

गोंधळ वाढायला चिपांवरचे आकडे कारण होते. जुन्या एसडीरॅमच्या चिपांवर नावाच्या शेवटी १० हा आकडा असे, म्हणजे १० नॅनोसेकंद. १०० मेगाहर्ट्झचा एक ठोका १० नॅनोसेकंदांचाच असतो. मग ही मेमरी १०० ला चालायलाच हवी, असा युक्तिवाद दुकानदारही करत. पण ठोक्याच्या लांबीइतकीच महत्त्वाची दुसरी एक वेळ असते, ती म्हणजे ठोका मिळाल्यापासून माहिती बाहेर येईपर्यंतची वेळ. पीसी-१०० च्या, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मेमरीसाठीच्या, अटींनुसार ती ६ नॅनोसेकंदांच्या आत हवी. उरलेल्या ४ नॅनोसेकंदांत ती माहिती बोर्डावरच्या तारांमधून चिपसेटपर्यंत पोचायची आणि पुढच्या ठोक्याआधी तिथे स्थिरावायची. ज्या चिपला माहिती बाहेर काढायलाच ८ किंवा ९ नॅनोसेकंद लागतात, तिच्यासाठी ६६ मेगाहर्ट्झचा १५ नॅनोसेकंदांचा ठोका ऐसपैस असतो. १०० वर तिच्या हाती नॅनोसेकंद-दोन नॅनोसेकंदच उरतात. अशी मेमरी थंड यंत्रात कधी कधी चालेही. तापल्यावर मात्र एखादा बिट चुकू लागे.

खरेदी करताना म्हणूनच मेमरीच्या स्टिकवरचे लेबल नीट वाचणे हा सर्वांत स्वस्त उपाय होता. पीसी-१०० च्या अटी पाळणाऱ्या स्टिकवर पीसी१००-३२२-६२० अशा धाटणीची ओळ असे. पहिला ३ म्हणजे सीएल (माहिती मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंत जाणारे ठोके), पुढचे दोन २ म्हणजे रांग आणि स्तंभ यांच्यातील आणि रांग बंद करण्याच्या विलंबाचे ठोके, नंतरचा ६ म्हणजे वर सांगितलेले ६ नॅनोसेकंद, आणि त्यापुढचा २ म्हणजे एसपीडीची आवृत्ती. एसपीडी म्हणजे स्टिकच्या कडेला बसवलेली आठ पायांची इवलीशी चिप; बोर्ड तिच्यातून ही सारी माहिती वाचून घेतो. नुसते पीसी-१०० असे छापलेले आणि बाकी काही नसलेले लेबल पाहिले की स्टिक उलटी करून चिपांवरचा मजकूर वाचावा. सॅमसंगच्या चिपांवर शेवटी जीएच असेल तर ती १०० ला सीएल २ वर चालणारी, जीएल असेल तर १०० ला सीएल ३ वर चालणारी, आणि जी८ असेल तर १२५ ला सीएल ३ वर चालणारी. जी१० म्हणजे जुन्या ६६ च्या यंत्रासाठीची. लेबल कुणीही छापून चिकटवू शकतो. चिपांवरची अक्षरे बदलणे तेवढे सोपे नसते.

सीएल २ साठी जास्त पैसे मोजावेत का, हा पुढचा प्रश्न. १०० मेगाहर्ट्झला सीएल ३ म्हणजे ३० नॅनोसेकंद आणि सीएल २ म्हणजे २० नॅनोसेकंद. जुन्या यंत्रातली ६६ ची मेमरी सीएल २ वर चालत असेल, तर तिलाही ३० नॅनोसेकंदच लागत. म्हणजे साधी सीएल ३ ची पीसी-१०० घेतली, तर पहिला शब्द मिळायला जुन्याइतकाच वेळ लागतो, पण त्यानंतरचा ओघ सेकंदाला ५३३ मेगाबाइटवरून ८०० मेगाबाइटवर जातो. इथे सेलेरॉनची लहान कॅश आठवावी. १२८ किलोबाइटमध्ये जे मावत नाही, त्यासाठी त्याला पेंटियम टू पेक्षा जास्त वेळा मेमरीकडे धाव घ्यावी लागते. त्यामुळे पहिल्या शब्दाची वाट पाहण्यात वाचलेले १० नॅनोसेकंद त्याला जास्त उपयोगी पडतात. प्रोसेसरवर ५२० डॉलर वाचवणाऱ्याने त्यातला थोडा भाग सीएल २ च्या मेमरीवर घालावा, असेच मी सुचवले असते. किंमत फारच वाढत असेल, तर सीएल ३ ची खात्रीची स्टिक ही सीएल २ च्या संशयास्पद स्टिकपेक्षा केव्हाही बरी.

स्टिकांच्या संख्येबाबत फार लिहायला नको. प्रत्येक जादा चिप पत्त्याच्या तारांवर ओझे टाकते, तेव्हा १२८ मेगाबाइट हवे असतील तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार लहान-मोठ्या स्टिका गोळा करण्यापेक्षा एक, फार तर दोन सारख्या स्टिका घ्याव्यात.

जुळवणी आणि तपासणी

पहिली अडचण एजीपीची. प्रोसेसर स्वतःला ६६ चा म्हणवत असल्याने भाजक आपोआप एकास एक राहण्याची शक्यता असते. तसे झाले तर बस १०० केली की एजीपीही १०० वर जाते आणि ग्राफिक्स कार्ड थिजते. बीएच६ वर हा भाजक हाताने दोन-तृतीयांश करावा लागतो. ओव्हरक्लॉक जमत नाही म्हणून प्रोसेसर परत करणाऱ्यांपैकी काहींनी एवढीच एक ओळ बदलायची राहून गेली नव्हती ना, हे तपासायला हवे होते.

दुसरी अडचण दोष हुडकण्याची. यंत्र ४५० ला अस्थिर असेल तर दोष प्रोसेसरचा, मेमरीचा की बोर्डाचा? मल्टिप्लायर उघडा असता तर तो कमी करून, प्रोसेसर त्याच्या मूळ गतीवर ठेवून फक्त मेमरी १०० ला तपासता आली असती. इथे ती सोय नाही. बस १०० म्हणजे प्रोसेसर ४५० ला, दुसरे काही नाहीच. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो : आधी मेमरी सीएल ३ वर आणि सर्व विलंब सैल ठेवून यंत्र चालवावे, स्थिर झाले तर दोष मेमरीकडे आहे असे समजावे. तरीही अस्थिर असेल तर व्होल्टेज एक पायरी वाढवावा. त्याने फरक पडला तर प्रोसेसरच काठावर आहे. दोन्हींनी फरक पडला नाही, तर मित्राकडून १०० च्या बसचा ३५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू तासाभरासाठी मागून आणावा. त्याचा मल्टिप्लायर ३.५, म्हणजे तो स्वतःच्या ठरलेल्या गतीवर असतो आणि मेमरी मात्र १०० ला चालते. त्याच्यावरही मेमटेस्ट८६ या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमने चुका दाखवल्या, तर सेलेरॉन निर्दोष आहे.

प्रोसेसरच्या तपासणीसाठी प्राइम९५ या प्रोग्रॅमचा ताण-चाचणीचा भाग उपयोगी होता, कारण तो आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी आपले उत्तर ताडून पाहतो. यंत्र बंद न पडताही गणित चुकत असेल तर ते उघडकीला येते. नुसता गेम रात्रभर चालला म्हणजे यंत्र स्थिर, हा समज लोकप्रिय होता, पण गेममध्ये एखादा बिट चुकला तर फार तर एखादा त्रिकोण वाकडा दिसतो. विंडोज ९८ ची प्रतिष्ठापना तपासणीनंतर, किंवा पहिल्यांदा ३०० वरच करावी. कारण अस्थिर मेमरीवर उतरवलेल्या फाइली मुळातच खराब असू शकतात आणि पुढे गती कमी केली तरी निळे पडदे थांबत नाहीत. लोक मग विंडोजला शिव्या देत. १९९८ मध्ये विंडोजला शिव्या देण्यासाठी दुसरी कारणे पुरेशी होती, पण या बाबतीत ती निर्दोष असे.

आपल्याकडच्या वाचकाने यात हवामानाची भर घालायला हवी. खोलीचे तापमान जितके वाढते, तितकेच प्रोसेसरचेही वाढते आणि तापलेली चिप कमी गतीला दम तोडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या वातानुकूलित दुकानात स्थिर ठरलेले यंत्र विदर्भातल्या मे महिन्यात स्थिर राहीलच असे नाही. थंडीत आकडे ठरवले असतील, तर उन्हाळ्यात तपासणी पुन्हा करणे किंवा सुरुवातीपासूनच एक पायरी राखून ठेवणे, हे दोनच मार्ग आहेत. १०३ च्या बसवर ४६४ मेगाहर्ट्झ मिळवणाऱ्याने ते सोडून १०० वर यावे, ते यासाठी.

हाती काय लागले

गेममध्ये आणि तरंगबिंदूंच्या (फ्लोटिंग पॉइंटच्या) गणितात ४५० ला चालणारा सेलेरॉन त्याच गतीच्या पेंटियम टू च्या बरोबरीला येत असे. मोठा डेटा सतत फिरवणाऱ्या कामांत ५१२ किलोबाइटची कॅश वरचढ ठरे, आणि हे मान्य करायला हरकत नाही. प्रत्येक ३००ए ४५० ला चालेलच, अशी हमीही नव्हती. मलेशियाचा चांगला की कोस्टा रिकाचा, कोणत्या आठवड्यातला बरा, याच्या याद्या खरेदीदार जवळ बाळगत. त्यातल्या बऱ्याच गोष्टी दोन-चार जणांच्या अनुभवावर बेतलेल्या होत्या आणि त्यांना मी फार महत्त्व देत नाही. काठावरचा प्रोसेसर निघाला तर ज्याच्याकडे व्होल्टेजची सोय असलेला बोर्ड आणि खात्रीची मेमरी होती, त्याच्यापुढे उपाय होते. दुसऱ्याकडे फक्त याद्या होत्या. वॉरंटी अर्थातच स्वतःच्या जबाबदारीवर सोडावी लागे. आणि असे यंत्र जुळवून ते गिऱ्हाइकाला ४५० मेगाहर्ट्झचे म्हणून, आत काय आहे हे न सांगता विकणे हे खूण पुसून प्रोसेसर विकण्याच्याच जातीचे काम होते.

या खरेदीचा हिशेब दोन वर्षांनी आणखी स्पष्ट झाला. २००० साली सेलेरॉन ५६६ आला. तोही ६६ च्या बसचा, मल्टिप्लायर ८.५. बीएक्स बोर्डावर नव्या सॉकेटसाठीचे अ‍ॅडॉप्टर कार्ड घालून, बायॉस अद्ययावत करून आणि बस १०० ठेवून अनेकांनी तो ८५० ला चालवला. ३००ए निघून गेला होता. बोर्ड आणि पीसी-१०० ची मेमरी त्याच जागी होती. मेमरी वाढवताना मात्र नवे पथ्य आले. बीएक्स चिपसेट १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिपा ओळखतो, त्यामुळे बाजारात स्वस्त झालेली, २५६ मेगाबिटच्या आठ चिपांची २५६ मेगाबाइटची स्टिक त्यात घातली की निम्मीच मेमरी दिसे. अशा बोर्डासाठी दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेलीच स्टिक मागून घ्यावी लागे, आणि तिच्या लेबलापेक्षा चिपा मोजणे अधिक भरवशाचे होते.